हिब्रू अक्षरांची पितळी सन्मानचिन्हे : एका दुकानाचा अनुभव

कोकणपट्टीतल्या आमच्या लहानशा सिनॅगॉगसाठी, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहासाठी, वर्षानुवर्षे एक पैसाही न घेता राबणाऱ्या सात जणांचा सत्कार करावा असे समितीने ठरवले आणि सन्मानचिन्हे करून घेण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. मुंबईत ढाली, चषक आणि नावाच्या पाट्या करून देणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत. परंतु मराठीबरोबर हिब्रू अक्षरेही कोरून देईल असे दुकान शोधण्यात माझे दोन आठवडे गेले. शेवटी ज्यांनी हे काम केले त्यांच्याविषयी लिहितो आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण पुढे त्यांच्या दोन चुकांचे वर्णन येणार आहे आणि त्यांतल्या एका चुकीत निम्मा वाटा माझा आहे. निकाल आधीच सांगून टाकतो : पुढच्या वेळीही मी तेथेच जाईन, मात्र अंतिम नमुना स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय एक अक्षरही कोरू देणार नाही.

मुळात सन्मानचिन्हे हवीत कशाला, हा प्रश्न समितीतल्या ज्येष्ठांनी विचारलाच, आणि तो अगदी रास्त होता. आम्हा बेने इस्राएलांमध्ये, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंमध्ये, मान देण्याची रीत वस्तूंची नाही, कामाची आहे. पूर्वी गावोगावी मुकादम, चौगुला, गबई (खजिनदार) अशी पदे असत आणि ज्याला मान द्यायचा त्याच्यावर जबाबदारी टाकली जाई. प्रार्थनेतही हेखाल (पवित्र कपाट) उघडण्याचा, त्यातला सेफेर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) उचलून नेण्याचा, वाचनासाठी तेब्यावर (वाचनाच्या चौथऱ्यावर) बोलावले जाण्याचा मान असतो; सिम्हाथ तोराच्या सणाच्या दिवशी तोराचे जुने पारायण संपवणारा हातान तोरा आणि नवे सुरू करणारा हातान बेरेशीथ हे दोन मान तर वर्षभराच्या सेवेची पावतीच मानले जातात. पुढे जाऊन सांगायचे तर १७९६ साली मुंबईत पहिले सिनॅगॉग बांधणाऱ्या सामाजी हसाजी (सॅम्युएल) दिवेकरांच्या वाट्याला सॅम्युएल स्ट्रीट हा अख्खा रस्ता आला, त्यापुढे आमच्या आठ बाय सहा इंचांच्या पितळेची काय कथा! परंतु या रीतीत एक उणीव आहे आणि ती मी समितीपुढे मांडली. आमच्या पद्धतीत तोरावाचनासाठी बायकांना बोलावले जात नाही. काही मान लिलावाने दिले जातात, त्यामुळे ज्याच्या खिशात बळ आहे त्याला ते मिळतात. शुक्रवारी काळ्या मनुका भिजवून, कुसकरून, गाळून किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या (शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाच्या) पेयावरच्या आशीर्वादासाठी, शरबत तयार करणारी बाई गेली कित्येक वर्षे पुरुषांच्या आधी येते आणि सर्वांच्या नंतर जाते, पण तिच्या नावाचा पुकारा या सबंध व्यवस्थेत कोठेच होत नाही. एवढे ऐकल्यावर ठराव मंजूर झाला.

दुकान लहान आहे. पुढे काचेच्या कपाटात क्रिकेटचे चषक, शाळांच्या ढाली आणि निवृत्तीची घड्याळे, मागे कोरीवकामाचे यंत्र, आणि त्या दोहोंच्या मध्ये संगणकावर बसलेला विशी-बाविशीतला मुलगा. मालकांनी मला आधी अॅक्रिलिक दाखवले, कारण ते स्वस्त पडते आणि लवकर होते. मला ते पसंत पडले नाही. अॅक्रिलिकवरची अक्षरे उजेड नेमक्या कोनातून पडला तरच वाचता येतात, आणि आमच्याकडचे निम्मे सत्कारमूर्ती मोतीबिंदूच्या वयाचे आहेत. सागवानी पाटावर पितळी पत्रा, त्यावर खोल कोरलेली आणि काळा रंग भरलेली अक्षरे, असे शेवटी ठरले. सागवान खरे होते. कडा हाताने घासलेल्या होत्या आणि भिंतीला टांगण्यासाठी मागे पितळेचीच कडी बसवलेली होती. इतर दोन दुकानांत मला लाकूड म्हणून जे दाखवले गेले ते कागद चिकटवलेला भुसा होते, हे येथे नोंदवून ठेवतो.

मजकुरापाशी खरी गंमत सुरू झाली. या धंद्यात एक ठरलेला साचा असतो : ‘यांनी दिलेल्या अमूल्य योगदानाबद्दल सस्नेह भेट’. मालकांनी तोच पुढे केला. मला ते ‘अमूल्य योगदान’ काढून टाकून प्रत्येकाचे काम नेमके लिहायचे होते, कारण सातही जणांना एकच वाक्य देणे म्हणजे सातांपैकी कोणाचेच काम आपण पाहिलेले नाही असे कबूल करणे होय. आमच्यातले एक गृहस्थ दर शुक्रवारी दुपारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरतात आणि शब्बाथला प्रवास करायचा नसल्यामुळे शनिवारी रात्रीपर्यंत गावात मुक्काम करतात. सार्वजनिक प्रार्थनेला किमान दहा पुरुषांचा मिनयान लागतो, आणि बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेल्यापासून गावात नऊच उरले आहेत. ते आले नाहीत तर सेफेर तोरा हेखालातून बाहेरच निघत नाही. त्यांच्या पाटीसाठी मी मोठ्या अभिमानाने ‘आमचा दहावा’ असे लिहून नेले होते. मालकांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि हळू आवाजात म्हणाले, “साहेब, गृहस्थ हयात आहेत ना?” तेव्हा कोठे माझ्या लक्षात आले की शेजारच्या घरांत ‘दहावा’ म्हणजे काय असतो. आयुष्यभर मराठी बोलूनही हे मला सुचू नये याची लाज वाटली. पाटीवर ‘मिनयान पूर्ण करणारे’ असे गेले. गिऱ्हाईकाने लिहून आणलेला मजकूर मुकाट्याने कोरून पैसे घेणारे पुष्कळ असतात. येथे मजकूर वाचला जातो, ही माझ्या दृष्टीने या दुकानाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

वरच्या बाजूस हिब्रू ओळ हवी होती. शब्बाथच्या प्रार्थनेत समाजासाठी मागितलेला एक आशीर्वाद आहे. त्यात प्रार्थनागृहात दिवाबत्तीची सोय करणारे, किद्दुशसाठी द्राक्षारस देणारे, वाटसरूंना अन्न आणि गरिबांना दान देणारे यांचा उल्लेख येतो आणि शेवटी ‘ओस्किम बेत्सोरखे त्सिबूर बे-एमूना’, म्हणजे समाजाच्या गरजांसाठी निष्ठेने झटणारे, अशा सर्वांसाठी आशीर्वाद मागितलेला आहे. स्वयंसेवक या शब्दाची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही. शिवाय या ओळीत परमेश्वराचे नाव येत नाही, ही व्यवहाराची सोय. आमच्यात ज्यावर ते नाव लिहिलेले आहे ती वस्तू टाकून देता येत नाही, मोडली तर ती विधिपूर्वक पुरावी लागते. भिंतीवरच्या पाटीमागे असली काळजी कोणी लावून घ्यावी?

ओळ मी भ्रमणध्वनीवरून पाठवली आणि पहिला नमुना तयार झाल्यावर पाहायला गेलो. अक्षरे सुबक होती, ठसठशीत होती आणि संपूर्ण उलटी होती. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते; त्यांच्या कोरीवकामाच्या प्रणालीला हे ठाऊक नव्हते, म्हणून तिने प्रत्येक अक्षर सरळ ठेवून त्यांचा क्रम मात्र फिरवला. मराठीत ‘समाज’ लिहायला सांगावे आणि ‘जमास’ हाती यावे, तसा प्रकार. न वाचता येणाऱ्या माणसाला यात काहीच खटकण्याचे कारण नव्हते, आणि म्हणूनच मी त्यांना दोष देत नाही. पण मी स्वतः गेलो नसतो तर सातही पाट्या तशाच झाल्या असत्या, हेही खरे. मालकांनी वाद घातला नाही, पत्रा बाजूला ठेवला आणि ओळ अक्षरांऐवजी चित्र म्हणून यंत्राला द्यायचे ठरले. ज्यांना असे काम करून घ्यायचे असेल त्यांनी पहिल्यापासून चित्रच द्यावे. त्यातही दालेत आणि रेश, बेत आणि काफ या जोड्या तपासाव्यात; देवनागरीतल्या घ आणि ध यांच्यासारखाच त्यांचा घोटाळा होतो आणि अक्षरे बारीक असली की कोरणाऱ्या सुईला तो फरक दिसत नाही.

दुसरी चूक अधिक मनोरंजक होती. सत्कार तू बिश्वाटला, म्हणजे शेवाट महिन्याच्या १५ तारखेच्या सणाला, ठेवला होता, कारण त्या दिवशी आमच्याकडे एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा हा कृतज्ञतेचा विधी करण्याची रीत आहे. यंदा ही तिथी रविवारी, १ फेब्रुवारी २०२६ रोजी, सूर्यास्ताला सुरू होत होती, त्यामुळे मुंबई-ठाण्याच्या मंडळींनाही येणे सोयीचे होते. पाटीवर हिब्रू तिथी हवी होती आणि हिब्रूत आकडे अक्षरांनीच लिहितात. संगणकावरच्या मुलाने उत्साहाने विचारले म्हणून मी त्याला अक्षरांचा तक्ता करून दिला : आलेफ म्हणजे १, बेत म्हणजे २, असे करत योद म्हणजे १०. त्याने ५७८६ हे वर्ष हजार वगळून तव, शीन, पे, वाव असे अचूक जुळवले, मग त्याच हिशेबाने १५ ही तारीख १० अधिक ५, म्हणजे योद आणि हे, अशी लिहिली. गणित बिनचूक होते. परंतु योद आणि हे ही अक्षरे एकत्र आली की परमेश्वराचेच नाव होते, ‘हालेलुया’ या शब्दाच्या शेवटी ऐकू येते ते. म्हणून १५ हा आकडा आम्ही ९ अधिक ६ असा, तेत आणि वाव या अक्षरांनी लिहितो. ‘तू बिश्वाट’ या नावातला ‘तू’ म्हणजे तीच दोन अक्षरे. जी गोष्ट टाळण्यासाठी मी इतकी विचारपूर्वक ओळ निवडली होती ती तारखेच्या वाटेने आत शिरली होती, आणि तक्ता देताना हा अपवाद सांगायला मीच विसरलो होतो. सुदैवाने हे कागदावरच्या नमुन्यात सापडले, पितळेवर नव्हे. मुलाने तक्ता यंत्राशेजारच्या भिंतीला चिकटवला आहे आणि त्यावर १५ व १६ या दोन्ही आकड्यांभोवती लाल वर्तुळे काढली आहेत, कारण १६चीही तीच अडचण आहे आणि ते त्याने स्वतः होऊन विचारले. तिसऱ्या नमुन्यात काही चूक उरली नव्हती.

सिनॅगॉगच्या किल्ल्या सांभाळणारे गृहस्थ आमच्या समाजाचे नाहीत, शेजारच्या आगरी कुटुंबातले आहेत. पावसाळ्यात कौले सरकली की पहिला निरोप त्यांचाच येतो. पाटीचे कळल्यावर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या : वडिलांचे नाव बरोबर घाला, कारण किल्ल्या आधी त्यांच्याकडे होत्या, आणि वरच्या ओळीत काय लिहिले आहे ते मला वाचता आले पाहिजे. त्यानंतर सर्वच पाट्यांवर हिब्रू ओळीखाली तिचा मराठी अर्थ घ्यायचे ठरले. एवढा बदल ऐनवेळी सांगूनही दुकानाने जादा पैसे मागितले नाहीत. मराठी अक्षरवळण मात्र सामान्य आहे. जोडाक्षरांत ‘ष्ठ’ दाटीवाटीने बसला आहे आणि ‘निष्ठेने’ हा शब्द जरा दूरून वाचावा लागतो.

सातवी पाटी झालीच नाही. समाजातल्या मृत स्त्रियांना अखेरचे स्नान घालणाऱ्या आमच्या मावशींनी ती घेण्यास नकार दिला. या सेवेला आमच्यात ‘हेसेद शेल एमेत’, खरी दया, म्हणतात, कारण जिच्यासाठी ती केली ती व्यक्ती उपकार फेडू शकत नाही. मावशी म्हणाल्या, “जिला आंघोळ घातली ती आभार मानायला येत नाही, म्हणून तर ते काम बरे वाटते. तुम्ही कशाला मध्ये पडता?” यावर बोलण्यासारखे काही नव्हते. लाकूड कापून झाले होते, पत्राही कापला होता. तरी मालकांनी त्या पाटीचे पैसे घेतले नाहीत, लाकूड शाळेच्या एखाद्या ढालीत जाईल म्हणाले.

समारंभाविषयी थोडक्यात : मलिद्याच्या ताटात गोड पोहे, खोबरे आणि फळे होती, भाषणे दोनच झाली, आणि पाट्या देताना प्रत्येकाचे काम वाचून दाखवल्यामुळे तिसऱ्या भाषणाची गरज भासली नाही. शरबत करणाऱ्या बाई आपले नाव पुकारले गेले तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. त्यांना बोलावून आणावे लागले.

आता व्यवहार. एका पाटीला ७५० रुपये पडले, सहा पाट्यांचे ४,५०० झाले. पेटी वेगळी घ्यावी लागते आणि ती किमतीच्या मानाने हलकी आहे. बिजागरी एकीची आठवड्यातच निघाली. ठरलेल्या मुदतीपेक्षा चार दिवस जास्त लागले, पण त्यांतले दोन माझ्या तक्त्याच्या खाती जमा करायला हवेत. पितळेवर लॅकरचा हात दिलेला आहे, तरीही समुद्राच्या हवेत तीन महिन्यांत दोन पाट्यांच्या कडा काळवंडल्या. मालकांनी पाटी देतानाच बजावले होते की ती फक्त कोरड्या फडक्याने पुसावी, काही लावू नये. शरबतवाल्या बाईंनी घरची सारी पितळी भांडी घासतात त्याच दिवशी तीही चिंच लावून लख्ख घासली. पितळ सोन्यासारखे झाले आहे आणि अक्षरांतला काळा रंग निघून गेला आहे. कोरणी खोल असल्यामुळे नाव आणि काम बोटाने अजून नीट लागते. रंग पुन्हा भरून द्यायला दुकानाने ८० रुपये सांगितले आहेत. पाटी माझ्याकडे द्या म्हणालो तर बाईंचा विचार अजून होत नाही, त्यांच्या मते ती आता कोठे पितळेसारखी दिसू लागली आहे.