भट्टीला साधी वीट की फायर ब्रिक?

परसात भट्टी बांधायची म्हटलं की पहिला प्रश्न विटेचाच: साधी, की फायर ब्रिक, म्हणजे जास्त ताव सोसणारी खास वीट. साधी लाल वीट कुठंही मिळते, स्वस्त पडते, आणि आठवड्यातून एकदा पाव-बिस्किटं भाजायची असतील तर घुमटाला ती खरंच पुरते, फक्त सिमेंटमध्ये लावू नका, माती-वाळूतच लावा, नाहीतर तापून सांध्यांना तडे जातात. पण तळाचं वेगळं. पिझ्झाला 400 अंशांच्या वर ताव लागतो, सारखं तापून गार होऊन साध्या विटेचे पापुद्रे सुटतात आणि ती लाल कचकच थेट पावाच्या बुडाला चिकटते, मला तर ते अजिबात चालत नाही. तळाला फायर ब्रिकच घ्या, महाग असली तरी. आणि सुरुवातीचे चार-पाच दिवस बारीकच जाळ करा, ओल सावकाश निघू दे.