लाल ठिपक्याचं कपाट: आमच्या मुलुंडच्या लायब्ररीबद्दल

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा जिन्याचा कापलाय आणि अर्धा आतल्या गोदरेजच्या कपाटाचा. जिन्याचं आधी सांगून टाकते. लाकडी आहे, अंधारा आहे, वरून तिसरी पायरी हलते आणि पावसाळ्यात छत्र्यांचं पाणी गळून निसरडा होतो. गुडघे दुखत असतील तर खालूनच हाक मारा, मुलगा पुस्तकं आणून देतो. आता कपाट.

लायब्ररीचं नाव लिहीत नाही. १९८५ साली, सहावीत असताना वडिलांनी माझं कार्ड काढलं. चाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याचं नाव घेऊन गाऱ्हाणं सांगायची आमच्यात पद्धत नाही. मुलुंड पूर्वेच्या वाचणाऱ्या माणसाला एवढ्या खुणा पुरतील.

वर्गणी महिना २५० रुपये, अनामत ५००. एका वेळी दोन पुस्तकं आणि एक मासिक. दिवाळी अंकांचे ४५० वेगळे, त्यात होळीपर्यंत हवे तितके अंक, पण चांगले अंक पहिल्या आठवड्यातच पळतात, तेव्हा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गाठा. पुस्तकं खाकी कव्हरात, पाठीवर काळ्या शाईने नंबर. चरित्रं आणि नाटकं भरपूर, कविता बऱ्या, इंग्रजी जवळजवळ नाहीच. बाइंडिंग स्वतः करून घेतात, त्यामुळे कुठल्याही कादंबरीची शेवटची चार पानं गायब असा प्रकार इथे होत नाही. बाकी ठिकाणी झालाय, म्हणून सांगते.

तर कपाट. गेल्या दिवाळीनंतर माझी लेक कार्ड घेऊन गेली. बारावी कला शाखा, समाजशास्त्राचा प्रकल्प, विषय संततिनियमन आणि त्याचा प्रचार करणारे र. धों. कर्वे. कर्व्यांचे निवडक लेख इथे आहेत हे मला ठाऊक होतं, कॉलेजात असताना मीच वाचले होते. काउंटरवरच्या मुलाने वहीत नंबर बघितला आणि म्हणाला, "हे लाल ठिपक्याचं आहे. आधार कार्ड आण. अठरा पूर्ण आहेत का?"

"मार्चमध्ये होतील."

"मग मार्चमध्ये ये."

संध्याकाळी मी गेले. तोवर लक्ष न गेलेली एक पाटी तेव्हा दिसली, संगणकावर टाइप करून, प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेली: 'शासकीय नियमानुसार १८ वर्षांखालील सभासदांस लाल ठिपक्याची पुस्तके दिली जाणार नाहीत.' सध्याचा मालक माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. हाफ पँट घालून पुस्तकांच्या मांडण्यांमधल्या याच बोळांतून पळायचा.

"अरे, कर्व्यांना कुलूप?"

"मी कुठे घातलं ताई, सरकारी नियम आहे."

"कुठला?"

"असेलच ना ताई. सिगारेटला नाही का असतो?"

मग खरं बाहेर आलं. आठवीतल्या एका मुलाने कादंबरी नेली, बापाने रात्री उशाखालून काढली आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, जणू मेलेला उंदीर, काउंटरवर आणून आपटली. पोलिसांत जातो म्हणाला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो म्हणाला. यातली दुसरी धमकी जास्त लागली. त्याच आठवड्यात चिकटवायच्या लाल ठिपक्यांची पाकिटं आली आणि ठिपका लागलेली पुस्तकं गोदरेजच्या कपाटात गेली.

आमच्या इमारतीत एक वकीलबाई राहतात, मुलुंडच्या कोर्टात जातात. त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलेलं माझ्या भाषेत लिहिते. सिनेमाला वयाचं प्रमाणपत्र असतं, २०२४पासून तर यूए ७, यूए १३, यूए १६ असे पोटभेदही आलेत. नाटकाला आपल्याकडे प्रयोगाआधी संहिता तपासणारं परिनिरीक्षण मंडळ आहे. पुस्तकावर वय छापणारी कुठलीही सरकारी कचेरी नाही. आहे तो फौजदारी कायदा. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २९२ आणि २९३, आता १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत २९४ आणि २९५. पहिलं कलम अश्लील पुस्तक विकण्याचं, दुसरं तेच कमी वयाच्या माणसाला देण्याचं, त्याला शिक्षा जास्त. जुन्या कायद्यात कमी वय म्हणजे विसाच्या आतलं. म्हणजे मुलगी अठराव्या वर्षी मत देऊ शकत होती, लग्न करू शकत होती, पण या कलमापुरती आणखी दोन वर्षं लहानच. नव्या कायद्याने ते अठरावर आणलं.

पण गंमत पुढे आहे. दुसरं कलम लागतं ते पहिल्या कलमाखाली अश्लील ठरणाऱ्या पुस्तकालाच. जे अश्लील आहे ते मला, एक्कावन्न वर्षांच्या बाईलाही, देता येत नाही. आणि जे मला बिनघोर देता येतं, ते सतरा वर्षांच्या मुलीला देऊ नका असं या कलमांत कुठेही म्हटलेलं नाही. शिवाय शास्त्र, साहित्य, कला, विद्या यांच्यासाठी अपवाद १९६९पासून कायद्यातच लिहिलेला आहे. म्हणजे पाटीवरचं 'शासकीय' शासनाने लिहिलेलं नव्हतं, ते आमच्या मालकदादांनी लिहिलं होतं.

तरी मी त्याला हसले नाही, कारण भीती अगदीच हवेतली नाही. कायद्यात 'विकणे'च्या शेजारी 'भाड्याने देणे' हे शब्द आहेत, आणि लायब्ररी दुसरं काय करते? मुंबईच्याच एका पुस्तकाच्या दुकानाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता, रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकायला ठेवलं म्हणून भागीदारांना शिक्षा झाली, आणि १९६४ साली न्यायालयाने ती कायम केली. पुस्तकात काय आहे हे दुकानदाराला ठाऊक होतं असं सरकारने सिद्ध करण्याची गरज नाही, हेही त्याच निकालात ठरलं. म्हणजे न वाचता ठेवलं ही सबब चालत नाही. आता ज्याच्याकडे अकरा हजार पुस्तकं आहेत त्या माणसाने हे ऐकलं तर त्याला झोप लागेल का?

ही भीती मी घरातच बघितलीय. माझे वडील गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर होते, रोज दादरला गाडी बदलून चर्नी रोडला जायचे. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा' या कथेवर पुण्यात खटला भरला गेला. लेखक चंद्रकांत काकोडकर आरोपी होतेच, पण मुद्रक-प्रकाशकही आरोपी. 'मुद्रक' हा शब्द ऐकून मुंबईतल्या छापखान्यांचं धाबं दणाणलं. बाबांचे मालक तोवर हिशेबापलीकडे काही वाचत नसत, ते चष्मा लावून दिवाळी अंकाची प्रुफं वाचायला बसले. 'मिठी' दिसली की लाल पेन्सिलने खोडून 'हात हातात घेतला'. बाबा सांगायचे, "सहा-सात वर्षं आमच्या छापखान्यात कुणी कुणाला मिठी मारली नाही." १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना सोडलं. त्या निकालातली एक गोष्ट वकीलबाईंनी वाचून दाखवली. आशय असा: किशोरवयीन मुलांचा शरीरसंबंधांच्या उल्लेखाशी संबंधच येता कामा नये, हे लेखकाने सतत पाहावं असा आग्रह धरला, तर लेखकांना मुलांसाठीच लिहावं लागेल, मोठ्यांसाठी नाही. बाबा असते तर तेवढं अठरा पॉइंटाच्या मोठ्या टायपात जुळवून मालकांच्या टेबलावर लावलं असतं.

आता माझी खरी तक्रार. कपाटात आहे काय? मी उघडायला लावलं. ठिपके काउंटरवरच्या मुलाने दोन दुपारांत लावले होते, नाव आणि मुखपृष्ठ बघून. एकूण ११२ पुस्तकं. कर्वे होतेच, 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ ते १९५३ एकट्याच्या हिमतीवर चालवणारे, वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून कोर्टात खेचले गेलेले. १९३४ साली त्यांच्या बाजूने उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. तेव्हा निदान मॅजिस्ट्रेट होता, आरोप होता, वकील होता. आमच्याकडे एक ठिपका पुरला.

त्यांच्या शेजारी वयात येणाऱ्या मुलींसाठी एका डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं पुस्तक. वयात येणाऱ्या मुलींसाठी! ते अठरानंतर मिळणार. मग पाळी जाण्यावरचं एक, ज्याची गरज त्या लायब्ररीत सगळ्यात जास्त मला आहे. आणि खालच्या खणात चार आत्मकथनं, दलित बायकांनी लिहिलेली. त्यांतल्या एकीचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सासरी तिच्यावर काय गुदरलं ते ती स्वतः सांगते, अश्लील शब्द न वापरता, उगाच न रडता. तिने ते तेराव्या वर्षी सोसलं, आणि माझ्या लेकीने ते सतराव्या वर्षी वाचायचं नाही. इथे मात्र माझा आवाज चढला, दोन सभासद मागे वळून बघायला लागले.

उलट बाहेर काय? रहस्यकथांचा आख्खा बोळ उघडा. तिथे मुखपृष्ठांवरच्या बायकांना कपडे द्यायला चित्रकार विसरलेले, पण नावात 'खून' आहे म्हणून ठिपका नाही. आणि वरच्या फळीवर, 'प्राचीन व धार्मिक' अशा चिठ्ठीखाली, ज्ञानेश्वरीला टेकून 'गाथासप्तशती'. स. आ. जोगळेकरांचं १९५६चं थोरलं काम. हाल या सातवाहन राजाने जमवलेल्या त्या सातशे गाथांत गोदावरीकाठच्या बायका कुठल्या शेतात, कुठल्या वेळी यायचं याच्या खाणाखुणा प्रियकराला अशा बेमालूम देतात की सासू शेजारी बसली तरी तिला कळू नये. काउंटरवरच्या मुलालाही कळलं नाही. मी त्याला सांगितलं नाही. ते पुस्तक तिथेच असू दे, ज्ञानेश्वरीशेजारी.

वयाचा विचारच करू नये असं मी म्हणत नाही. मालकाचे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, तेही अडवायचे. पंधराव्या वर्षी मी एक जाडजूड कादंबरी काउंटरवर ठेवली. त्यांनी ती उघडली नाही, नुसता हात ठेवला. म्हणाले, "दोन वर्षांनी ने. आत्ता कंटाळशील, आणि नंतर परत हात लावणार नाहीस." मी अर्थातच पुढचे तीन शनिवार दोन मांडण्यांच्या बोळात उभी राहून ती वाचली. त्यांना दिसत होतं. चौथ्या शनिवारी त्यांनी एक स्टूल सरकवलं आणि काही न बोलता पंखा लावला. नव्वदाव्या पानाला मी कंटाळले, बरोबर त्यांनी म्हटलं होतं तशी. अप्पांनी ते पुस्तक वाचलेलं होतं आणि त्यांना मी ठाऊक होते. काउंटरवरच्या मुलाने यातलं काहीच केलेलं नव्हतं, त्याच्याकडे फक्त ठिपक्यांचं पाकीट होतं.

मालकाला म्हटलं, दोन रविवार दे. त्याने दिले, हे त्याच्या खात्यावर जमा करते. सकाळी दहा ते एक आम्ही दोघं, मध्ये चहा, समोर ११२ पुस्तकं. शहाऐंशी बाहेर आली. उरलेल्या सव्वीसांत बहुतेक जुन्या पिवळ्या मासिकांचे गठ्ठे आहेत, ते मी कुठल्याच वयाच्या माणसाला देणार नाही, पण ते अश्लील म्हणून नाही, भिकार म्हणून. चार-पाच पुस्तकांवर आमचं जमलं नाही. एका अनुवादित कादंबरीसाठी मी पाऊण तास भांडले. तो शेवटी म्हणाला, "ताई, तो बाप परत आला तर इथे तुम्ही बसाल का?" मी बसेन म्हणाले. खरं तर मी दिवसभर ऑफिसात असते आणि बाप लोक संध्याकाळी सातनंतरच चिडतात. कादंबरी कपाटात गेली.

आधार कार्डाची झेरॉक्स बंद झालीय. ठिपके मात्र नीट निघत नाहीत, खाकी कागद सोलला जातो, त्यामुळे कर्व्यांच्या पाठीवर आता एक पांढरा गोल चट्टा आहे. लेकीचा प्रकल्प झाला. तिला त्यातलं काय आवडलं विचारलं तर म्हणाली, जाहिराती. जाहिराती त्या पुस्तकात नाहीतच, म्हणजे हिने दुसरीकडून 'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक शोधून वाचले आणि मला पत्ता लागू दिला नाही.

वेळ सकाळी ९ ते १२:३० आणि संध्याकाळी ५ ते ८:३०, सोमवारी बंद. सुट्टे पैसे न्या. पाटी अजून आहे. मालकाने काळ्या मार्करने 'शासकीय' तेवढं खोडलंय, पुढचं सगळं तसंच, त्यामुळे आता ती 'नियमानुसार'पासून सुरू होते.