शेवटच्या मजल्यावरचं ऑफिस आणि गच्चीवरचा पांढरा कोट: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून

आमचं ऑफिस नागपुरात, वर्धा रोडवरच्या नऊ मजली व्यापारी इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर. डोक्यावर थेट गच्ची. फेब्रुवारीत गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग मारून घेतला, प्रायमर आणि वर दोन कोट. आता दिवाळी तोंडावर आली आहे. ज्यांचं ऑफिस असंच वर आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

आमचा खरा त्रास दुपारचा नव्हताच, संध्याकाळचा होता. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता काही तासांनी खाली उतरते, त्यामुळे ऊन कलल्यावर ऑफिसात जास्त उकडायचं. फॉल्स सीलिंगची एक टाइल सरकवून हात वर नेला की स्लॅबला न शिवताही तळव्याला धग लागायची. मे अखेरीस, नवतपात, दुपारी सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा दक्षिणेकडच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही, सगळा मार गच्चीवर. खालच्या मजल्यावर तितक्याच टनाचे एसी आरामात पुरतात, आम्हाला पुरत नव्हते ते यामुळे.

एसीवाल्याचा सल्ला होता, आणखी एक कॅसेट युनिट बसवा. मला तो पटला नाही. एसीची क्षमता बाहेर 35 अंश तापमान धरून मोजलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात 45 काही नवीन नाही, 2013 मध्ये तर पारा 47.9 वर गेला होता. म्हणजे गरज सर्वात जास्त असते तेव्हाच मशीन कमी थंडावा देतं आणि वीज मात्र जास्त खातं. त्यात आउटडोअर युनिटं त्याच तापलेल्या गच्चीवर उभी. उष्णता आत येऊ देऊन मग ती बाहेर काढण्याचे पैसे भरायचे, यापेक्षा ती गच्चीवरच अडवणं मला योग्य वाटलं.

फरक पडला का? पडला, आणि चांगलाच. मे महिन्यात भर दुपारी, लेझर थर्मामीटरने पाहिलं तेव्हा पाण्याच्या टाकीजवळचा न रंगवलेला कोबा साठीच्या पुढे होता आणि पांढरा भाग पन्नाशीच्या आत. संध्याकाळी थांबणारे सहकारी आता टेबल फॅन मागत नाहीत. दुपारी कॉम्प्रेसर ट्रिप व्हायचा, तोही या उन्हाळ्यात झाला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र काहीच फरक जाणवला नाही. तेव्हा ढग असतात आणि एसी दमटपणाशी झगडत असतो, त्यात रंगाचं काही काम नाही.

पश्चिमेच्या काचांचा प्रश्न तसाच आहे. आतून फिल्म लावली, चकाकी कमी झाली, पण काच स्वतः तापते आणि खिडकीजवळ बसणाऱ्याला ते जाणवतं. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. त्यासाठी इमारतीच्या दर्शनी भागाला हात लावावा लागतो आणि तशी परवानगी आम्हाला मिळाली नाही.

आता रंगातल्या तक्रारी. ठेकेदाराने यातच वॉटरप्रूफिंगही होईल असं सांगितलं होतं. त्यावर विसंबू नका. पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी, जिथे ढाळ नीट नसल्याने पाणी साचतं, तिथे रंगाला आधी फुगे आले आणि मग पापुद्रे निघाले. आधी ढाळ आणि भेगा दुरुस्त करा, रंग त्यानंतरच. दुसरं, धूळ. एप्रिलच्या मध्यालाच गच्ची मळकट करडी दिसू लागली होती, आणि मळलेला पांढरा रंग ऊन तितकंसं परतवत नाही. उन्हाळ्यात गच्ची झाडून, ओल्या फडक्याने पुसून घ्यावीच लागते. एसी मेकॅनिकच्या ये-जा करायच्या वाटेवर रबरी मॅट टाका, नाहीतर कोट तिथेच आधी झिजतो. आणि नव्या कोटावर दुपारी चकाकी इतकी असते की वर काम करणाऱ्याला गॉगल द्या.

घेताना डब्यावरच्या ‘इतके अंश थंड’ या दाव्याकडे लक्ष देऊ नका. सौर परावर्तनाचा आकडा, म्हणजे पडलेल्या उन्हाचा किती हिस्सा रंग परतवतो तो, मागा, आणि तोही नव्या कोटाचा व तीन वर्षं जुन्याचा असे दोन्ही. केंद्राच्या 2017 च्या इमारत ऊर्जा संहितेत थंड छपराच्या, म्हणजे अशा ऊन परतवणाऱ्या गच्चीच्या, नव्या कोटासाठी तो किमान 0.60 धरला आहे. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचं धोरण आणून व्यापारी इमारतींना ते सक्तीचं केलं. विदर्भात याची गरज तसूभरही कमी नाही.

पुढच्या फेब्रुवारीत पापुद्रे निघालेला भाग खरवडून पुन्हा रंगवणार आहोत, आणि या वेळी लिफ्टच्या मशीन रूमचं छतही त्यातच घेणार. मे महिन्यात तिथला कंट्रोल पॅनल तापून बंद पडतो आणि सगळ्यांना नऊ मजले चढावे लागतात.