टूर्निके की गॉझ? कारखान्याच्या पेटीसाठी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यांच्या प्रथमोपचार पेटीत बहुधा कापूस, आयोडीन नि चिकटपट्ट्या असतात. हात यंत्रात सापडून रक्ताची धार लागली, तर त्यांचा काही उपयोग नाही.

टूर्निके, म्हणजे दांडीने पिळून आवळायचा रक्त थांबवणारा पट्टा, फक्त हातापायासाठी. जखमेच्या 5-7 सेंमी वर, धडाच्या बाजूला; सांध्यावर नाही. पट्टा आधी हातानेच घट्ट ओढा, मग दांडी पिळा. पट्टा ढिला राहिला तर दांडी कितीही फिरवा, धार थांबत नाही. अर्धवट आवळणं तर घातकच: शिरा दबतात, धमनी वाहतच राहते. दुखणारच, सैल करू नका. बांधल्याची वेळ लिहा, 108 लावा. स्वस्त नकलेची दांडी ऐन वेळी वाकते. सोलापूरच्या उन्हात पत्र्याखाली प्लॅस्टिक कडक होतं, म्हणून पेटी सावलीत ठेवा.

जांघ, काख, मानेच्या बुडाशी मात्र गॉझच, म्हणजे जखमेवरचं जाळीदार सुती कापड. गुंडाळी जखमेत तळापर्यंत ठासून भरा आणि दोन्ही हातांनी 10 मिनिटं दाबा, मध्ये उचलून बघायचं नाही. रक्त गोठवणाऱ्या गॉझला साधारण 3 मिनिटं पुरतात, पण ती महाग आणि मुदतीची. छाती-पोटात काही भरू नका.

पैसे एकाच महाग वस्तूचे असतील तर चांगली टूर्निके घ्या. साधी गॉझ कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते.