पूर्वज व्यापारी पण आणि घोडदळात पण: आधी कुठली बाजू शोधायची?

घरात ऐकलेलं असतं की कोणीतरी पूर्वज पेशवाईत स्वार होते आणि पेठेत त्यांचं दुकानही होतं, आणि शोधायला बसलं की अडतं, सुरुवात घोड्यापासून करायची की दुकानापासून. एकाच माणसात दोन्ही कसं, ही शंका असेल तर सोडून द्या. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणणारा, बारगीर म्हणजे सरकारी नाहीतर दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा, त्यामुळे गाठीला पैसा असला की चार घोडे बाळगून त्यावर माणसं बसवता यायची. गोसावी तर सावकारी, व्यापार, लढाई सगळंच करायचे.

लष्करी बाजूचं आकर्षण जास्त, पानिपत वगैरे, पण तिथले कागद पथकाच्या नावाने चालतात. नालबंदी (घोडेस्वारांसाठी दिलेली आगाऊ रक्कम) किती दिली, गणतीत घोडे किती भरले, हे सगळं पथक्याच्या, म्हणजे पथकाच्या प्रमुखाच्या, नावावर, खालचा स्वार बहुतेक वेळा नुसता आकडा. बारगीर असेल तर घोडाही त्याचा नाही, मग नाव यायला कारणच कमी.

सरंजाम (फौज ठेवण्यासाठी दिलेला महसुलाचा मुलूख) किंवा इनाम जमीन मिळालेली असेल तर मात्र गोष्ट उलटी. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी इनामं तपासायला घेतली, १८५२ चा कायदा आला, आणि हक्क सिद्ध करायला घराण्यांनी कैफियती (आपली बाजू मांडणारी लेखी निवेदनं), वंशावळी, जुन्या सनदांच्या नकला सादर केल्या. म्हणजे आयती वंशावळ मिळू शकते, फक्त ती हक्क टिकवायला सांगितलेली आहे हे लक्षात ठेवून वाचायची.

व्यापाराची बाजू कंटाळवाणी आहे पण नावं तिथेच जास्त. कर्जरोखा, गहाणखत, खरेदीखत घ्या, त्यात बापाचं नाव, गाव, साक्षीदार, सगळं येतं, कारण पैसे बुडू नयेत म्हणून माणूस नीट ओळखावाच लागतो. शिलेदारालाही घोड्यासाठी कर्ज लागायचं, तेव्हा तुमचा स्वार पथकाच्या यादीत नसला तरी सावकाराच्या खतावणीत असू शकतो. पेठेतलं शेटेपण किंवा महाजनकी, म्हणजे बाजारपेठेचं वंशपरंपरागत वतन, घराण्यात असेल तर उत्तमच, वतनावरून भाऊबंद भांडले की पिढ्यान्‌पिढ्यांची नावं कागदावर येतात (भांडकुदळ पूर्वज असणं इथे फायद्याचं). तोटा एवढाच की व्यापाऱ्यांच्या वह्या खासगी, कितीतरी रद्दीत नाहीतर वाळवीच्या पोटात गेल्या.

जागा म्हणाल तर पुणे पुरालेखागारात पेशवे दफ्तर आहे, पण थेट रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोडायला जाऊ नका, इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले ४५ छापील खंड आधी चाळा, गाव किंवा पथक्या ओळखीचा निघाला तर मूळ कागदाकडे वळा. खासगी घराण्यांच्या कागदांसाठी भारत इतिहास संशोधक मंडळ बघा, १९१० पासूनची संस्था आहे. दोन्हीकडे मोडी येणं किंवा येणारा माणूस सोबत असणं गरजेचं.

तारखांचं मात्र दोन्ही बाजूंना जपा. सरकारी कागदात बऱ्याचदा शुहूर सन (मराठेशाहीच्या कारभारात वापरली जाणारी कालगणना) असतो, तोही अरबी शब्दांत, आणि वर्ष मृगाला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर मृग नक्षत्र लागलं की, बदलतं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१, त्यात ५९९ मिळवले की १७६०, पण जानेवारी ते मृग या काळासाठी ६०० मिळवायचे, म्हणून १४ जानेवारी १७६१ चं पानिपत याच सनात बसतं. सावकारी कागदात शक सापडतो, तिथे ७८ मिळवा, शेवटच्या दोन-तीन महिन्यांना ७९. हे न बघता वंशावळ जुळवली तर मुलगा बापाआधी जन्मतो.

माझं मत विचाराल तर घरात सनद किंवा इनामाची जमीन असल्याचं पक्कं माहीत असेल तरच लष्करी बाजूने जा. नसेल तर पैशाचे कागद आधी. आणि दोन्हीच्याही आधी त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, जिथे घराणं जायचं तिथल्या तीर्थोपाध्यायांची वही बघून घ्या, कारण गाव आणि तीन-चार पिढ्यांची नावं हातात नसतील तर दफ्तरात नेमकं काय मागायचं हेच कळणार नाही.