सडक्या संत्र्यांचं गणित: द्विपद की पॉयसाँ?

भाचीचा प्रोजेक्ट नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांवर आहे. "मामा, द्विपद वितरण लावू की पॉयसाँ?" दोन्ही सूत्रं एखादी गोष्ट किती वेळा घडेल याची संभाव्यता सांगतात: द्विपद ठरावीक नगांपैकी किती ते, पॉयसाँ नुसत्या सरासरीवरून.

पेटीत 100 संत्री, प्रत्येक सडकं निघण्याची शक्यता 2 टक्के. एकही सडकं न निघण्याची संभाव्यता द्विपदानं 0.133, पॉयसाँनं 0.135. फरक नावालाच. पण 10च संत्री आणि शक्यता 30 टक्के धरली, तर 0.028 आणि 0.050. पॉयसाँ इथे साफ फसतो.

मेहनतीत मात्र तोच स्वस्त, एकटी सरासरी पुरते. द्विपदाला एकूण नग आणि शक्यता, दोन्ही लागतात.

एक गोम दोघांतही आहे. संत्री एकमेकांपासून स्वतंत्र धरलेली असतात, अन् एक सडलं की शेजारचंही सडतं, हे पेटी उघडणाऱ्याला विचारा! पॉयसाँत प्रचरण, म्हणजे आकड्यांच्या चढउताराचं माप, सरासरीएवढंच असतं. तुझ्या पेट्यांत ते बरंच जास्त आलं तर समजून जा, संत्री स्वतंत्र नाहीत.

नग मोजलेले असतील तर द्विपदच, हिशेब कॉम्प्युटर करतोच. वर्धा रोडवर महिन्याला किती अपघात, असा प्रश्न असेल तर पॉयसाँ. न झालेले अपघात कोण मोजणार? बोर्टकीविच या संख्याशास्त्रज्ञानं 1898 साली प्रशियाच्या घोडदळात घोड्यांच्या लाथांनी मेलेले सैनिक याच वितरणानं मांडले होते.