गुणसूत्रांवरून मात्रा सांगणारी रक्ततपासणी: एका रेडिओग्राफरचा अभिप्राय

वेल्डिंगच्या सांध्यांची इरिडियम-192 हा किरणोत्सर्गी स्रोत वापरून रेडिओग्राफी (क्ष-किरणांसारखे आतले चित्र घेणे) करणे हे माझे काम. अंगावर लावून किरणोत्सर्ग मोजणाऱ्या माझ्या टीएलडी बॅजवर अनपेक्षितपणे किरणोत्सर्गाची मोठी मात्रा नोंदली गेल्यावर मला द्विकेंद्री गुणसूत्रांची तपासणी करून घ्यावी लागली, कारण किरणोत्सर्ग केवळ बॅजला लागला की तो लावणाऱ्या माणसालाही, हे बॅजवरून ठरत नाही.

हेपरिन (रक्त साकळू न देणारे द्रव्य) असलेल्या नळीत घेतलेले थोडेसे रक्त न गोठवता प्रयोगशाळेत पाठवले जाते. तिथे लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी सुमारे 48 तास वाढवून विभाजनाच्या टप्प्यावर थांबवतात आणि किरणोत्सर्गाने तुटून चुकीची जुळलेली, दोन सेंट्रोमिअर (गुणसूत्राचे मध्यबिंदू, जे एरवी एकच असते) असलेली म्हणजेच द्विकेंद्री गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. असे गुणसूत्र एरवीही हजार पेशींत एखादे सापडतेच. म्हणून किमान 500 ते 1000 पेशी तपासाव्या लागतात. अहवालाची वाट पाहणे घरच्यांना फार जड गेले, तरी ही सावकाश मोजणी मला आवश्यकच वाटते.

माझ्या अहवालात हजार पेशींत एकच द्विकेंद्री गुणसूत्र होते. मात्र सुमारे 100 मिलिग्रेच्या (मिलिग्रे हे शरीरात शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) खालची मात्रा ही तपासणी ओळखू शकत नाही, त्यामुळे 'काहीच लागले नाही' असा त्याचा अर्थ होत नाही, हे समजून सांगणारा माणूस तिथे हवा होता. ही गुणसूत्रे काळाबरोबर रक्तातून कमी होत जातात. शंका आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच रक्त द्यावे.